वैशाखातलं मेण आणि धाकूच्या गाठी

वाडीत पुन्हा मांडव उभा राहिला. म्हणजे आता लग्न उरकून व्याही-विहिणी आपापल्या घरी जाईपर्यंत माझ्या टेबलावर उजेड नाही.

ठाकूरद्वारच्या या वाडीत माझ्या खोलीला एकच धड खिडकी आहे. तिच्याखाली टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि सूक्ष्मदर्शकाच्या पायाशी एक वाटोळा आरसा. आभाळातला उजेड त्या आरशावर पडतो, नळीतून वर येतो आणि काचेवर ठेवलेला माणसाच्या कातडीचा काप उजळून दिसतो. इतकं साधं काम आहे. दिव्यावर ते होत नाही असं नाही, पण रॉकेलच्या पिवळ्या ज्योतीत सगळीच माणसं रोगी दिसतात. मला आभाळ लागतं. आणि चैत्र संपतो न संपतो तोच वाडीतल्या कोणाकडे तरी लग्न निघतं, मांडववाला बांबू घेऊन येतो आणि नेमकं माझ्या खिडकीवर लाल पट्ट्यांचं कापड ताणतो. लाल रंगात बुडवलेली वस्तू लाल उजेडात ओळखायला बसा एकदा, म्हणजे माझा जळफळाट कळेल.

उजेड जातो तेव्हाच नेमके गाठवाले येतात. वर्षभर माणूस मानेवर लिंबाएवढी गाठ घेऊन सुखाने हिंडतो, नातवंडांना तिच्याशी खेळू देतो. पण घरात लग्न निघालं, पाहुणे पाहायला येणार असा निरोप आला, की त्या गाठीला पाय फुटतात आणि ती माझा जिना चढून येते. "डॉक्टर, ही कधी आली कळलंच नाही." मला कळतं. तुमच्या मुंजीपासून आहे. मी बोट लावतो, गाठ बोटाखालून मासोळीसारखी सटकते, मी सांगतो की ही चरबी आहे, हिच्याने कोणी मरत नाही, घरी जा आणि लाडू वळा. तेवढ्याने कोणाचं समाधान होत नाही. "तरी एकदा नळीतून पाहिलं असतंत तर..."

नळीतून काय पाहू? चरबीची गाठ नळीतून चरबीसारखीच दिसते. पोटावरची चांगली चरबी आणि मानेवरच्या गाठीतली चरबी शेजारी ठेवली तर कोणती कुठली, हे मलाही सांगता येणार नाही. ती गाठ आहे हे बोटाला कळतं आणि काय काय नाही हे नळीला कळतं; दोघांनी मिळून बोलायचं असतं. हे शिकलेल्या डॉक्टरांनाही पटत नाही. ते बाटलीत हरभऱ्याएवढा तुकडा पाठवतात आणि सोबत चिठ्ठीवर एकच शब्द लिहितात, 'गाठ'. कुठल्या जागची, किती वर्षांची, दुखते की नाही, काही नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या तरी किती लांबून, याला काही सुमार असावा.

काल मांडववाला पहिला बांबू रोवत होता तेव्हा मला धाकू आठवला. दर वर्षी या दिवसांत आठवतो. आधी राग येतो, मग बाकीचं येतं.

धाकू ट्रामच्या घोड्यांच्या तबेल्यात कामाला होता, अजून आहे. मूळचा मालवणाकडचा, राहायला चिंचपोकळीच्या चाळीत. उंच, जरा वाकलेला, आणि सगळ्या अंगावर मऊ मऊ गाठी. काही मोहरीएवढ्या, काही बोराएवढ्या, एकदोन दंडावर लोंबणाऱ्या. विशीपासून हळूहळू आलेल्या. तबेल्यातल्या घोड्यांना त्यांचं काही वाटत नव्हतं आणि धाकूच्या बायकोलाही नव्हतं. पण त्याची मुलगी सगुणा उपवर झाली. लालबागच्या एका गिरणी मुकादमाच्या मुलाशी जमत आलं, आणि सुपारी फुटायच्या बैठकीत पानाचं तबक पुढे करताना धाकूची बाही वर सरकली. मुलाची आई भागीरथीबाई समोर बसली होती. तिने आरडाओरडा केला नाही. "खाण तशी माती," एवढंच म्हणाली आणि उठली. दुसऱ्या दिवशी लालबागपासून चिंचपोकळीपर्यंत धाकूला महारोग झाला होता.

चाळीतल्या नळावर त्याच्या बायकोची घागर आली की बाकीच्या घागरी बाजूला व्हायच्या. तबेल्याच्या नाईकाने त्याला थोडे दिवस घरी बस म्हणून सांगितलं. कोणी म्हणालं, याला महारोग्यांच्या वस्तीत पोचवा. आणि भागीरथीबाईने निरोप धाडला, की वैशाखी पौर्णिमेपर्यंत काय तो उलगडा करा. कुर्ल्याकडचं दुसरं स्थळ आम्हाला सांगून आलंय.

धाकू माझ्याकडे आला तो सगुणेला घेऊन. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"डाक्टरानू, माका बरो करा म्हणान इलंय नाय. ह्यां काय आसा तेवढां सांगा. चेडवाचा लगीन मोडता."

मी त्याला आत बसवलं आणि एकेक गाठ दाबून पाहिली. दाबली की आत जायची, जणू खाली कातडीला भोक आहे, आणि बोट उचललं की पुन्हा वर यायची. महारोगाच्या गाठी अशा वागत नाहीत. शिवाय त्या रोगात कातडीची जाणीव जाते, म्हणून मी सुई घेतली आणि धाकूला डोळे मिटायला सांगितले. टोचत गेलो. "कळता," धाकू म्हणायचा. "कळता. कळता." मी खुशीत आलो होतो. मग डाव्या करंगळीला टोचलं आणि धाकू गप्प. शेजारच्या बोटाला टोचलं, तरी गप्प. रक्ताचा थेंब आला आणि धाकू डोळे मिटून पुढच्या सुईची वाट पाहत बसला होता. सगुणेने तो थेंब पाहिला. तिने पदराने तो पुसला आणि बापाला काही सांगितलं नाही.

बधिर बोटं ही महारोगाची ठळक खूण. दुसरंही एक कारण असू शकतं, हे मला माहीत होतं. कोपराजवळून जो मज्जातंतू त्या दोन बोटांकडे जातो त्याच्यावरच एखादी गाठ बसली असेल, तरी बोटं अशीच होतात. पण असू शकतं म्हणून कोणी सुपारी फोडत नाही. तुकडा काढून पाहणं भाग होतं.

पहिला तुकडा मी तिथल्या तिथे काढायला गेलो. चाकू टेकला आणि धाकूने हात असा ओढला की माझ्या चिमट्यात नुसती वरची कातडी आली. रंगवून पाहिली. उत्तम कातडी होती. गाठ खाली जिथल्या तिथे बसलेली आणि मी तिच्या छपराची कौलं तपासतोय. मी त्याला म्हटलं, परवा ये, दंडावर ती लोंबती गाठ आहे ना, तीच मुळापासून काढतो, दुखणार नाही असं औषध आधी टोचतो.

परवा आला नाही. तेरवाही नाही. पौर्णिमा जवळ येत होती आणि हा गृहस्थ बेपत्ता. शेवटी एका दुपारी हसत हसत आला आणि माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली. पुडीत हळद, आणि हळदीत मनुकेसारखं काळं सुकलेलं काहीतरी.

"हे काय?"

"गाठ. तुमका तरास नको म्हणान बायलेन घराकच काढल्यान. घोड्याचो केस बांधलो, दिसाक दिस आवळलो. काल आपसूक पडली."

आपल्याकडे चामखीळ पाडायला शेपटीचा केस बांधतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आजोळीही बांधायचे. पण मी शोधत होतो तिची घडण, आणि या मंडळींनी तिचा गळा आवळून, रक्त तोडून, वाळवून, वर हळद लावून ती माझ्याकडे आणली. मी फार बोललो. मेलेल्या माणसाची नाडी पाहायला सांगतोस का, म्हणालो. तपासायला दिलेलं पत्र जाळून राख घेऊन आलास, म्हणालो. धाकू सगळं ऐकून घेत उभा राहिला आणि शेवटी त्याने आपली बाजू मांडली.

"घोडो चांगलो होतो, डाक्टरानू."

तरीही मी त्या मनुकेचा काप केला. काळा चोथा आणि पिवळी हळद, दुसरं काही नाही.

तिसऱ्या वेळी मात्र मी त्याला उठू दिलं नाही. सगुणेला त्याचा दुसरा हात धरायला बसवलं, बधिर करायचं औषध टोचलं आणि कोपराखालची बोराएवढी गाठ पुरती काढली. दुखलं नाही म्हणून धाकूच नवल करत होता. गाठ स्पिरिटमध्ये ठेवली, मग मेणात बसवली, म्हणजे वस्तऱ्याने पातळ काप करता यावेत. आणि इथे वैशाख आडवा आला. थंड देशांतल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की मेण गोठू द्यावं. गिरगावात वैशाखात मेण गोठत नाही. वस्तरा लावला की ते लोण्यासारखं चेपतं, काप सुरकुततो, आतली गाठ बाहेर घसरते. मी मेणाचा ठोकळा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवला. त्यावरून आमच्या घरातून विचारणा झाली, की पिण्याच्या पाण्याला कुठल्या कोणाच्या मांसाचा शेजार किती दिवस राहणार आहे. मी म्हटलं, पौर्णिमेपर्यंत. त्यावर दोन दिवस अबोला होता. तो माझ्या पथ्यावरच पडला, कारण मी पहाटे उठून, वारा गार असेतो, वस्तरा चालवत होतो आणि कोणी बोललं असतं तर हात हलला असता.

काप झाले. रंगवले. आणि पाहायला बसलो तर आभाळावर मांडव.

खाली उतरून मी मांडववाल्याशी भांडलो. गणपत त्याचं नाव. मी म्हटलं, हे कापड आत्ताच्या आत्ता काढ. तो म्हणाला, साहेब, कापड काढलं तर जेवणाऱ्या मंडळींच्या डोक्यावर ऊन येईल. मी म्हटलं, तू नाही काढलंस तर एका मुलीचं लग्न मोडेल. तो म्हणाला, मांडव काढला तर या मुलीचं मोडेल, मला काय करायचं ते तुम्हीच सांगा. शेवटी त्याने एक लांब बांबू घेतला आणि माझ्या खिडकीसमोरचा कापडाचा कोपरा वर उचलून धरून उभा राहिला. घामाने निथळत होता, आणि थोड्या थोड्या वेळाने खालून विचारत होता, "दिसलं काय?"

एका काचेवर मी महारोगाचे जंतू लाल दिसतील असा रंग चढवला होता. ती काच कडेपासून कडेपर्यंत पाहिली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत पाहिली. एकही नाही. मग दुसरी काच. तिच्यात बारीक, नागमोडी, मऊ धागे होते, नुकत्याच सोडलेल्या वेणीतले केस मोकळे पडावेत तसे. मज्जातंतूच्या आवरणातून उगवलेली निरुपद्रवी गाठ. ती कोणाला मारत नाही आणि शेजारच्याला लागत नाही. मागे बसून राहिलेल्या धाकूला जवळ बोलावून मी त्याचं डावं कोपर आतून चाचपलं. अगदी खोल, हाडाच्या खाचेजवळ, एक गाठ लागली. दाबल्याबरोबर धाकू ओरडला, "बोटांत मुंग्यो इल्यो." दोन्ही बोटांत. मला रडू यायचं बाकी होतं. खालून गणपतचा आवाज आला, "दिसलं काय?" आणि मी खिडकीतून ओरडलो की दिसलं, सोड आता.

मला वाटलं, संपलं. काय माझा भाबडेपणा.

मी दाखला लिहून दिला. तो घेऊन भागीरथीबाई दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्या खोलीत हजर. बारा गावचं पाणी प्यालेली बाई. धाकू आणि सगुणा दाराशी. ती म्हणाली, कागद कोणीही लिहील, मला नळीतून दाखवा. मी दाखवलं. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"केस हायेत."

"केस नाहीत. मज्जातंतूच्या गाठीतले धागे आहेत."

"बरं. मग ते रोगाचे जंतू कुठायत?"

"नाहीत."

"दाखवा की."

"अहो, नाहीत ते कसे दाखवू?"

"मग नाहीत कशावरून?"

या प्रश्नाला अजून माझ्याकडे उत्तर नाही. मोठमोठ्या पुस्तकांतही नाही. मी तिला सुईची गोष्ट सांगितली, कोपरातली गाठ सांगितली, धाकूच्या हातावरच्या गाठी तिच्यासमोर दाबून दाखवल्या, आत गेल्या की वर येतात हे दाखवलं. एक गोष्ट तर तिने विचारली नसतानाही मीच सांगितली, की हे कधी कधी बापाकडून मुलांकडे उतरतं, सगुणेलाही पुढे एखादी गाठ येईल. पण ती आली तरी अशीच निरुपद्रवी असेल. ती सगळं ऐकत होती आणि माझ्याकडे पाहत होती.

"डॉक्टर, ह्यांच्या हातचं पाणी प्याल?"

मी इतका चिडलो होतो की विचारबिचार केला नाही. मेण, वस्तरा, पहाट, मांडव, सगळं डोळ्यांसमोर आलं. "धाकू, त्या माठातलं पाणी दे," म्हटलं. धाकू हलेना. आमच्या घरातली माणसं आतल्या दारात उभी होती, आणि आमच्या वाडीत कोणी कोणाच्या हातचं प्यायचं याचे कायदे धाकूलाही पाठ होते. मी पुन्हा ओरडलो तेव्हा त्याने तांब्या बुडवला, माझ्या हातात दिला, आणि मी तो रिकामा केला.

भागीरथीबाईने पदर सावरला. "मग हे आधीच करायचं होतंत. उगाच महिना घालवलात," ती म्हणाली, आणि मुहूर्त काढायला गेली. त्या तांब्यातलं पाणी तिने मात्र मागितलं नाही.

लग्न झालं. मला मानाने बोलावलं होतं. कन्यादानाचं पाणी सोडताना धाकूचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत उपरण्यात गुंडाळलेले होते. वरमायेची तेवढी एक अट होती, ती धाकूने आनंदाने मान्य केली होती. लोकांची नजर बरी नसते, असं तो मलाच समजावत होता. मी जेवलो नाही. नुसता लाडू खाऊन निघून आलो आणि वाटेत ट्रामच्या घोड्यांकडेही रागाने पाहिलं.

हे सगळं काल मांडववाल्याला बांबू रोवताना पाहून आठवत होतं, आणि आज दुपारी जिन्यावर पावलं वाजली. भागीरथीबाई. केस पिकलेत, धाप लागते. मागे सगुणा. सगुणेने चोळीच्या बाहीवर पदर घट्ट ओढून घेतला होता, एवढ्या उकाड्यात. मला कोणी काही सांगायच्या आधी कळलं. तिने हात पुढे केला तेव्हा मनगटाच्या वर बोराएवढी गाठ होती, आणि याच गाठींच्या सोबतीने येतात तसे दुधातल्या कॉफीच्या रंगाचे दोन डाग. ती जमिनीकडे पाहत होती. तिची दोन मुलं लालबागला घरी होती. मी सासूकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आता खाण निघेल आणि माती निघेल.

मी सुई घेतली.

"ठेवा ती," भागीरथीबाई म्हणाली. "मी बघितलंय. दाबली की आत, सोडली की वर. हिच्या बापाची आहे."

"तुम्ही तपासलंत? मग माझ्याकडे कशाला आलात?"

"चाळीत बाया बोलायला लागल्या. डॉक्टरनं बघितलं म्हणायला जिना चढून यायला नको?"

मला चीड आली. ही बाई आता लालबागात दिसेल त्याची गाठ दाबून निकाल देत असणार, आणि त्यांतली एखादी खरोखर घातक निघाली की बोंब माझ्या नावाने होणार. मी तिला तसं सुनावलं. घट्ट गाठ, वाढती गाठ, दुखरी गाठ आली की मुकाट्याने इकडे पाठवायची, स्वतःचं बोट लावायचं नाही, असंही सांगितलं. ती बरं म्हणाली, म्हणजे ऐकणार नाही. मग मी सगुणेला डोळे मिटायला लावलं आणि दहाही बोटांना सुई टोचली.

"कळतं," ती म्हणत गेली. "कळतं. कळतं."

शेवटच्या बोटाला तिने डोळे उघडले. मी सुई खाली ठेवली, आणि काही नाही, घरी जा, म्हटलं.

"किती उकडतंय," भागीरथीबाई म्हणाली. "सगुणे, पाणी दे ग."

सगुणा माठापाशी गेली. तांब्या बुडवून वर घेताना पदर सुटला, बाही मागे गेली, आणि ती गाठ तांब्याच्या कडेला टेकली. तिने घाईघाईने हात सावरू पाहिला, पण सासूने तोवर तिच्या हातातून तांब्या घेतला होता. तोंड वर करून, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत ती प्यायली आणि रिकामा तांब्या पुन्हा सुनेपुढे धरला.

"आणखी दे."

खिडकीबाहेर मांडववाला कापड ताणत होता. खोलीत सगळं लाल होत गेलं, आरसा, काचा, माठ. मी त्याच्याशी भांडायला उठलो नाही.